खालच्या लीगच्या फुटबॉलला दहा ओळी द्या

महोदय,

इंग्लिश फुटबॉल म्हणजे प्रीमियर लीगचे २० संघ, असा सरळ हिशेब मराठी क्रीडा पानांनी करून टाकला आहे. त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू या तीन विभागांत प्रत्येकी २४ असे ७२ क्लब आहेत. पाचव्या पायरीवर नॅशनल लीगचे आणखी २४ आहेत. या मंडळींची आठवण दोनच प्रसंगी होते. एक, सिनेनट एखादा क्लब विकत घेतात तेव्हा. दुसरा, एफए कप या सगळ्या पायऱ्यांच्या बाद स्पर्धेत एखाद्या बड्या संघाचे नाक कापले जाते तेव्हा. रेक्सहॅम क्लबच्या सिनेनट मालकांची छायाचित्रे छापून आली. त्याच २०२२-२३ च्या हंगामात नॉट्स काउंटीने नॅशनल लीगमध्ये १०७ गुण मिळवले, तरी त्यांना थेट बढती का मिळाली नाही, हे मात्र कोणी सांगत नाही. कारण साधे आहे. रेक्सहॅमचे १११ गुण झाले होते आणि त्या लीगमधून थेट वर जाणारा संघ एकच असतो. नॉट्स काउंटीला प्ले-ऑफच्या, म्हणजे उरलेल्या एका जागेसाठीच्या बाद सामन्यांच्या, आडवळणाने वर यावे लागले.

अशा संघांचा सामना हजारो किलोमीटरवरून ‘बघणारे’ वाचक आपल्याकडेही आहेत. बघणारे म्हणायचे एवढेच, कारण चित्र बहुतेक वेळा नसतेच. त्यांची खरी अडचण चित्राची नाही. सामन्याची अचूक वेळ, मैदानावर उतरलेले अकरा जण आणि नीट वाचता येईल असा गुणतक्ता, या तीन गोष्टी हाताशी असल्या की सामना पाठ केल्यासारखा कळतो. त्यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीसाठी वर्तमानपत्राच्या दहा ओळी पुरतात. हे पत्र त्या दहा ओळींसाठी आहे.

वेळेपासूनच घोळ सुरू होतो. तिथला शनिवारचा नेहमीचा सामना दुपारी ३ वाजता असतो. उन्हाळी वेळेत तो भारतात संध्याकाळी ७.३० ला पडतो, हिवाळ्यात ८.३० ला. तिथली घड्याळे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जातात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे येतात. त्यामुळे एका शनिवारी ७.३० ला खेळायला उतरलेला संघ पुढच्या शनिवारी त्याच वेळी मैदानात दिसत नाही, आणि सामना रद्द झाला असे वाटून लोक मोबाइल बंद करतात. मंगळवारच्या रात्रीचे सामने आणखी फसवे. तिथे पावणेआठ म्हणजे इथे रात्री सव्वाबारा, हिवाळ्यात सव्वा वाजता. म्हणजे आपल्या दिनदर्शिकेत तो बुधवार झाला. काही ॲप हा सामना बुधवारच्या यादीत दाखवतात, काही मंगळवारच्या, आणि क्लबच्या स्वतःच्या पोस्टरवर अर्थातच मंगळवार असतो. वर्तमानपत्राने ‘मंगळवारी मध्यरात्रीनंतर १२.१५’ असे तीन शब्द छापले तरी निम्मा गोंधळ मिटेल.

वेळ जुळली तरी सामना होईलच असे नाही. प्रीमियर लीगच्या मैदानांना गवताखालून ऊब देणाऱ्या नळ्या असतात. लीग वन आणि लीग टूच्या कित्येक मैदानांना नसतात. डिसेंबर-जानेवारीत जमीन गोठते, नाही तर पाणी साचते, आणि सकाळी पंच येऊन मैदान तपासतात. तपासणीची वेळ क्लब आधी जाहीर करतो. ती भारतात साधारण दुपारी येते. तेवढे पाहून घेतले की रात्रीचा बेत वाया जात नाही. आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या काळात आणखी एक कारण असते. एखाद्या क्लबचे तीन किंवा अधिक खेळाडू आपापल्या देशाकडून बोलावले गेले, तर क्लब सामना पुढे ढकलण्याची मागणी करू शकतो.

चित्राचे काय, हा प्रश्न साहजिक आहे. ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी २.४५ ते ५.१५ या वेळात फुटबॉल सामन्याचे थेट प्रक्षेपण होत नाही. टीव्हीपायी छोट्या क्लबांची मैदाने ओस पडू नयेत म्हणून १९६० च्या दशकात बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी ही बंदी रेटून नेली. ती तिथल्या प्रेक्षकांसाठी आहे, परदेशातल्या नव्हे. म्हणून दूरच्या चाहत्याला कधी कधी असा सामना पाहता येतो, जो त्या गावात घरी बसलेल्या माणसाला दिसत नाही. पण कोणत्या देशात कोणता सामना उघडेल, हे प्रक्षेपणाचे हक्क तिथे कोणाकडे आहेत यावर ठरते, आणि ते हंगामागणिक बदलते. नॅशनल लीगचे सामने २०२४-२५ पासून डॅझन या स्ट्रीमिंग सेवेवर आहेत. वरच्या विभागांसाठी क्लबच्या संकेतस्थळावर त्या सामन्याचे पान उघडून आपल्या देशाचे नाव यादीत आहे का, हे पैसे भरण्याआधी पाहावे. भरल्यावर पाहणारेच जास्त. दुसऱ्या देशात असल्याचे भासवून सामना लावणे नियमात बसत नाही, आणि ती जोडणी नेमकी उत्तरार्धात तुटते.

चित्र मिळाले तर तेही बेताचे असते. छपराखालचा एक कॅमेरा, बहुधा रिप्ले नाही, आणि जवळच्या कडेला चेंडू गेला की खांबामागे लपलेला बचावपटू. साधारण ३ एमबीपीएसने चालणारे चित्र दोन तासांत २.७ जीबी डेटा खाते. १२८ केबीपीएसचे नुसते समालोचन तेवढ्याच वेळात ११५ एमबीच्या आसपास. डेटा मोजून वापरणाऱ्याने आवाजच निवडावा, आणि खरे सांगायचे तर खालच्या लीगचा सामना आवाजातच जास्त कळतो. स्थानिक समालोचक वर्षानुवर्षे त्याच संघामागे फिरतो. कोणता बचावपटू डाव्या पायाने चेंडू मारायला कचरतो हे त्याला ठाऊक असते, आणि पक्षपात तो लपवतही नाही. मात्र स्थानिक रेडिओचे समालोचन हक्कांच्या कारणाने परदेशात बंद होते आणि त्या जागी एक ध्वनिमुद्रित सूचना पुन्हा पुन्हा वाजत राहते. तेव्हा समजावे की क्लबचाच आवाजाचा पास घ्यावा लागणार.

आवाजावर सामना ऐकताना समोर कागद हवा. संघांची यादी सामन्याच्या सुमारे तासभर आधी जाहीर होते. ती उतरवताना नुसती नावे न लिहिता पाठीवरचे क्रमांक लिहावेत, कारण घाईच्या क्षणी समालोचक नाव अर्धवट सोडतो. मैदानाचा आयत काढून आपला संघ कुठल्या टोकाकडे हल्ला करतोय तो बाण पहिल्याच मिनिटाला काढून ठेवावा. ‘आमच्या डावीकडून उजवीकडे’ असे समालोचक सुरुवातीला एकदाच सांगतो आणि मग ते गृहीत धरून दीड तास बोलतो. यजमान संघाला उत्तरार्धात आपल्या कडव्या प्रेक्षकांच्या टोकाकडे हल्ला करणे आवडते, आणि नाणेफेक जिंकलेला पाहुणा कर्णधार मुद्दाम टोके बदलायला लावतो. हे घडले की समालोचक तो उल्लेख हमखास करतो. त्या बाणावरूनच पुढे आरोळीचा अर्थ लागतो. घरच्या टोकाकडून उठलेली ‘ऊऽऽ’ म्हणजे चेंडू थोडक्यात बाहेर गेला.

आवाजही नसेल तेव्हा उरतो मजकूर. इथे खरे कसब लागते. थेट मजकुराच्या ओळी मैदानावरच्या नोंदींमधून ठरावीक साच्यात पडतात, त्यामुळे त्या कोरड्या असतात; पण क्रम वाचला तर बोलतात. समजा, ५८ व्या मिनिटाला ‘कॉर्नर’, लगेच ‘हेडर अडवला’, ५९ ला पुन्हा ‘कॉर्नर’, आणि मग ‘प्रतिस्पर्ध्याला स्वतःच्या अर्ध्यात फ्री किक’. ही शेवटची ओळ लोक सोडून देतात. तिचा अर्थ असा की दुसऱ्या कॉर्नरवर कोणीतरी गोलरक्षकाला ढकलले आणि पंचांनी बचाव करणाऱ्यांना श्वास घ्यायला दिला. दबाव तिथेच संपला. याउलट ‘कॉर्नर’नंतर फ्री किक न येता ‘डाव्या बाजूने फटका अडवला’ आणि पुन्हा ‘कॉर्नर’ आले, तर चेंडू अजून गोलसमोरच्या पेटीतच घुटमळतोय, आणि अशा वेळी चहा ठेवायला उठू नये. स्वतःच्या अर्ध्यातल्या फ्री किकांची रांग लागली तर समजावे की गोलांनी पुढे असलेला संघ वेळ काढतोय.

‘दुखापतीमुळे खेळ थांबला’ आणि ‘खेळ पुन्हा सुरू’ या दोन ओळींमधली मिनिटे कागदाच्या कडेला लिहीत जावे. त्यात गोल झाल्यावरचा वेळ आणि खेळाडू बदलतानाचा वेळ मिळवला की भरपाई वेळेचा आकडा चौथ्या पंचाच्या फलकाआधीच अंदाजाने येतो. फलकावरचा आकडा किमान असतो. पंच तो वाढवू शकतात, कमी करू शकत नाहीत. म्हणून ‘९०+५’ दिसल्यावर पाच मिनिटे मोजून उड्या मारणे धोक्याचे. बदलांची मोजणीही ठेवावी. लीग वन आणि लीग टूमध्ये पाच खेळाडू बदलता येतात, पण खेळ थांबवून बदल करण्याच्या संधी तीनच. मध्यंतरातला बदल त्यात धरत नाहीत. तीन संधी संपल्यावर एखादा लंगडू लागला, तर बाकावर बदली खेळाडू शिल्लक असूनही संघ दहा जणांवर येतो. मजकुरात हे कोणी समजावून सांगत नाही. कागदावर तीन रेघा असतील तर आपल्याला ते आधीच दिसते.

खोटा गोल हा या छंदातला सगळ्यांत मोठा छळ. लीग वन आणि लीग टूच्या साखळी सामन्यांत व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णय तपासण्याची सोय, नाही. मैदानात बसलेला नोंदी करणारा माणूस चेंडू जाळ्यात जाताना पाहतो, बटण दाबतो, आणि तेवढ्यात साहाय्यक पंचाचा झेंडा वर गेलेला असतो. मोबाइलवर गोल झळकतो आणि अर्ध्या मिनिटात नाहीसा होतो. उपाय एकच. गोल करणाऱ्याचे नाव येईपर्यंत आकड्यावर विश्वास ठेवू नये. नावही पुढे बदलते. चेंडू बचावपटूला लागून गेला असेल तर रात्री उशिरा तो स्वयंगोल ठरतो. उशिराचेही असेच आहे. आवाज आणि चित्र मजकुरापेक्षा अर्धा-एक मिनिट मागे असतात. दोन्ही लावायचे असतील तर ॲपच्या सूचना बंद करा, नाही तर समालोचक पेनल्टीसाठी श्वास रोखून असतो आणि खिशातला मोबाइल निकाल सांगून मोकळा होतो. एप्रिल २०२३ मध्ये रेक्सहॅम ३-२ ने पुढे असताना भरपाई वेळेत नॉट्स काउंटीला पेनल्टी मिळाली आणि रेक्सहॅमचा गोलरक्षक बेन फॉस्टरने ती अडवली. मजकुरात अशा वेळी ‘पेनल्टी’ एवढाच शब्द येतो आणि मग दोन मिनिटे काहीच हलत नाही. ती शांतता म्हणजे ॲप बिघडल्याची खूण नव्हे. ती तशी आहे का हे पाहायचे तर दुसऱ्या सामन्यांची मिनिटे पुढे सरकतायत का ते बघावे. ती सरकत असतील आणि आपलीच अडली असतील, तर क्लबच्या समाजमाध्यमावरील खात्यावर जावे. दिवे गेले असतील किंवा कोणाला गंभीर दुखापत झाली असेल तर तिथे आधी कळते.

आता छापील पानाचा भाग. आकडे देताना पूर्वी किती काळजी घेतली जायची याचा एक नमुना सांगण्यासारखा आहे. ब्रिटिश टीव्हीवर टाइप होत येणाऱ्या निकालांत एखादा संघ सात गोल करून गेला तर ‘७ (सात)’ असे अक्षरातही दाखवत, म्हणजे टायपिंगची चूक नाही हे पाहणाऱ्याला कळावे. बीबीसी रेडिओवर जेम्स अलेक्झांडर गॉर्डन १९७४ पासून २०१३ पर्यंत निकाल वाचत. दुसऱ्या संघाचे नाव उच्चारतानाचा सूर ऐकूनच सामना कोणी जिंकला की बरोबरीत सुटला, हे श्रोत्याला कळायचे. आपल्या पानांवर मात्र पेनल्टी शूटआउटचा आकडा सामन्याचा म्हणून छापला जातो. स्कॉटलंडमध्ये ‘ईस्ट फाइफ ४, फोर्फर ५’ हा निकाल इंग्रजीत वाचताना जीभ अडखळते म्हणून जुना विनोद आहे. जुलै २०१८ मध्ये तो खरा ठरला, पण शूटआउटमध्ये. सामना बरोबरीतच होता. फरक छोटा वाटतो. पण ईएफएल ट्रॉफी या लीग वन आणि लीग टूच्या क्लबांच्या करंडक स्पर्धेच्या गटात बरोबरीनंतर शूटआउट होते, जिंकणाऱ्याला २ गुण आणि हरणाऱ्याला १ मिळतो. तिथे शूटआउटचा आकडा निकाल म्हणून छापला तर खालचा तक्ता जुळतच नाही, आणि वाचकाला वाटते तक्ताच चुकला.

तक्त्यात क्रमांक, संघ आणि गुण एवढेच देण्याची पद्धत आहे. खालच्या विभागांसाठी ती निरुपयोगी ठरते. ढकललेल्या सामन्यांमुळे जानेवारीत एका संघाचे २८ तर दुसऱ्याचे २५ सामने झालेले असतात. खेळलेले सामने न देता नुसते गुण दिले तर वर-खाली काहीच कळत नाही. हातातल्या सामन्याची किंमत ट्रॅनमिअर रोव्हर्सला विचारा. २०१९-२० मध्ये लीग वनचा हंगाम करोनामुळे अर्धवट थांबला तेव्हा ते एएफसी विम्बल्डनपेक्षा ३ गुणांनी मागे होते आणि त्यांचा एक सामना उरलेला होता. गुण भागिले सामने, असा हिशेब लावला गेला आणि ते खाली गेले. त्याच हंगामाच्या सुरुवातीला, २७ ऑगस्ट २०१९ ला, बरी क्लबला लीगमधून काढून टाकले होते, म्हणून तक्त्यात २३ च संघ होते आणि घसरणारे चारऐवजी तीन. तळटीप नसेल तर हे कोणाला उमगणार? गुणकपातीचेही तसेच. डर्बी काउंटीचे २०२१-२२ मध्ये २१ गुण कापले गेले. फुली मारून खाली अर्धी ओळ लिहिली नाही, तर जिंकलेल्या सामन्यांची बेरीज गुणांशी कधीच जमणार नाही.

सीमारेषाही आखायला हव्यात. लीग वनमध्ये पहिले दोन थेट वर, तिसरा ते सहावा प्ले-ऑफला, तळाचे चार खाली. लीग टूमध्ये पहिले तीन थेट, चौथा ते सातवा प्ले-ऑफला, आणि खाली फक्त दोन. म्हणजे लीग टूमधल्या २२ व्या संघाचा जीव वाचतो, लीग वनमधल्या २२ व्याचा नाही. गुण सारखे झाले तर आधी गोलफरक, मग केलेले गोल. एप्रिलमध्ये हे दोन्ही रकाने गाळणे म्हणजे दूरच्या चाहत्याला अंधारात सोडणे.

शेवटच्या शनिवारी नुसता आपला सामना पाहून भागत नाही. ८ मे १९९९ ला स्कारबरोचा पीटरबरोविरुद्धचा सामना १-१ ने संपला होता आणि आपण लीगमध्ये टिकलो या समजुतीने त्यांचे प्रेक्षक मैदानात उतरले होते. कार्लाइलचा सामना मात्र अजून चालू होता. प्लिमथविरुद्ध भरपाई वेळेच्या अखेरीस कार्लाइलला कॉर्नर मिळाला. स्विंडनहून तात्पुरता आणलेला गोलरक्षक जिमी ग्लास पुढे धावत आला आणि प्लिमथच्या गोलरक्षकाने परतवलेला चेंडू त्याने जाळ्यात मारला. २-१. कार्लाइल टिकले, स्कारबरो बाहेर. तेव्हा शेवटच्या दिवशी ‘सध्याचा तक्ता’ उघडा ठेवावा, आणि आपल्या सामन्यासमोर ‘समाप्त’ आले तरी प्रतिस्पर्ध्याच्या सामन्यासमोर काय लिहिले आहे ते आधी वाचावे.

मागणी एवढीच आहे. शुक्रवारच्या अंकात लीग वन, लीग टू आणि नॅशनल लीगमधले वेगळ्या वेळेला होणारे सामने भारतीय वेळेनुसार द्यावेत, बाकीचे ७.३० की ८.३०, हे एका ओळीत सांगता येते. सोमवारी तिन्ही विभागांचे पहिले आठ आणि तळाचे सहा संघ छापावेत. रकाने सामने, गोलफरक, गुण, आणि एप्रिलमध्ये केलेले गोलही. बढती आणि घसरणीच्या जागी रेघ. गुणकपात असेल तिथे फुली आणि तळटीप. शूटआउटचा आकडा कंसात. मधले दहा संघ जागेअभावी गाळले तरी नोव्हेंबरपर्यंत कोणाची तक्रार येणार नाही. मार्चपासून मात्र पूर्ण २४ द्यावेत, कारण तेव्हा पंधराव्या क्रमांकावरच्या संघाचीही झोप उडालेली असते.

आपला,
एक नियमित वाचक